नारळ असा फोडतात होय रे, किसन?

प्रिय किसन,

तुला चार शिव्या घालायच्या राहून गेल्यात, म्हणून हे पत्र.

काल शनिवार. मारुतीला तेल वाहून मी तालमीच्या पायरीवर टेकलो होतो, तेवढ्यात कारखान्यातले सावंत सायकलवरून आले. तुझे सावंत रे, तुझं इंग्रजी ऐकून आम्हाला मराठीत सांगायचे, ते कोकणातले स्टोअरकीपर. एरवी सायकल भिंतीला लावून आधी पाणी मागणारा माणूस, काल सायकल हातातच धरून उभा राहिला. म्हणाला, "वस्ताद, आपलो किसन गेलो." मला वाटलं, यंत्र बसवायला आणखी कुठल्या मुलखात गेला असेल. मी विचारलं, "कुठं?" सावंतांनी डोक्यावरची टोपी काढली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

कारखान्यात बाटल्या करायचं दुसरं यंत्र आलंय. ते बसवायला तुझ्याच कंपनीतला एक नवा जपानी आलाय. त्यानं सांगितलं म्हणे, की गेल्या थंडीत तुला न्यूमोनिया झाला आणि त्यातच तू गेलास. एवढंच सांगून थांबला असता तर मी दोन अश्रू ढाळले असते, मारुतीपुढे दिवा लावला असता आणि गप्प बसलो असतो. पण त्यानं तुझ्या उजव्या खांद्याबद्दलही सांगितलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

तुला मराठी वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण समोर उभं राहून, हातवारे करून, ओरडून सांगितलेलं तरी कुठं ऐकलंस? पालथ्या घड्यावर पाणी! मग पत्र लिहिलं काय आणि न लिहिलं काय, सारखंच. मी आपला लिहितो. सातवी पास झालोय, अक्षर बरं आहे.

तुझं नाव किसाकु. गावाला ते पेललं नाही. आठवड्याभरात तुझा किसन झाला आणि तूही त्या नावाला वळून बघायला लागलास. तुझी वहिनी, म्हणजे आमची पारू, तर तुला "किसनभावजी" म्हणायची आणि तू भाकरीवर पिठलं वाढून घेताना असा काही वाकायचास, की पिठलं ताटाबाहेर पडायचं. कुणी नाव बदललं, तू हो म्हणालास. कुणी तिखट वाढलं, तू हो म्हणालास. तुझं सगळं दुखणं तिथंच होतं. खांद्याचं नंतर.

आठवतं, तू पहिल्यांदा आलास ते? नागपंचमी होती. तालमीत कुस्त्या लागल्या होत्या. सावंत तुला गंमत दाखवायला घेऊन आले. तू टोपी मांडीवर ठेवून पारावर बसलास. कुणी चीतपट झालं की लोक डोक्यावर हात नेऊन टाळ्या पिटायचे, आणि तू मात्र पोटाजवळ टाळ्या वाजवत होतास. माझं कुस्तीवरचं लक्ष उडालं. उभा जन्म लोकांची हाडं बसवण्यात गेला. कोण कसा उठतो, कसा बसतो, कुठला हात कुठे अडतो, हे न बघता मला राहवत नाही. मी सावंतांना म्हटलं, "त्या पाव्हण्याला इचारा, उजव्या खांद्याला काय झालंय?"

त्यांनी विचारलं. तू मान हलवलीस आणि हसलास. तुझं ते हसू! सगळ्या खोट्याची सुरुवात तिथून झाली.

मग सावंतांनी सांगितलं, की हा फिटर व्हायच्या आधी जपानात चेंडू फेकायचा, आणि त्याचा पगार घ्यायचा. सगळी तालीम हसली. देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला असलेला आपला दगडू म्हणाला, "चेंडू फेकायचा पगार? मंग आमाला म्हशी हाकायचा का न्हाई देत कुनी?" मीही हसलो. पण मनात म्हटलं, आपण तरी काय करतो? अंगाला माती लावून दुसऱ्याला पाडतो आणि चांदीचं कडं घालून मिरवतो. त्याचा चेंडू, आपली माती.

तुझा खेळ मला हळूहळू कळला. आपल्या विटीदांडूच्या जातीचाच, विटीच्या जागी चेंडू. एक जण उंचवट्यावर उभा राहून फेकणार, दुसरा दांडक्यानं मारणार. फेकणारा तू. तुझ्या डोंगरातल्या खेड्यात सगळे रेशमाचे किडे पाळायचे आणि तू ओढ्यातले गोटे फेकायचास. शाळेच्या सामन्यांत तुझा हात कुणीतरी पाहिला आणि मिसरूड फुटायच्या आत शहरातल्या मोठ्या संघानं तुला उचललं. मालिश करताना सावंत उपड्या घमेल्यावर बसून हे सांगायचे. तू डोळे मिटून पडलेला असायचास. तुझी गोष्ट दुसऱ्याच कुणाची असावी तसा.

आणि ऐकता ऐकता माझा हात जड व्हायचा. अरे, काल फेकलं, आज परत फेकलं, उद्या परत? तुमचा वस्ताद काय करत होता? आमच्याकडे एक मोठी कुस्ती झाली की पैलवानाला आठ दिवस नुसतं चोळतात, खाऊ घालतात, झोपवतात. तुमच्याकडे संघ हरायला लागला की तो वस्ताद यायचा आणि चेंडू तुझ्या हातात ठेवायचा. तू घ्यायचास. मी विचारलं, "नाही म्हणायचं नाही?" सावंतांनी तुला विचारलं. तू डोळे उघडलेस आणि असं बघितलंस, की सावंतांनाच लाज वाटली प्रश्न विचारल्याची.

तुझ्या सगळ्यात मोठ्या दिवसाची गोष्ट मात्र तू स्वतः सांगितलीस, हातवारे करून. दोन्ही संघांना एकही धाव मिळेना. सूर्य कलला तरी तू फेकतच होतास. समोरचा फेकणारा बदलला, तू तोच. शेवटी तुमच्या कुणीतरी एक धाव काढली आणि तू शेवटच्या गड्याला चकवलंस. मग तू उताणा पडलेला उठून बसलास, दोन्ही हातांनी माणसं उभी राहतात तसं दाखवलंस, कानावर तळवा ठेवलास. सावंत म्हणाले, "तो म्हणता, सगळे लोक एकदम उठले त्याचो आवाज. तो आवाज म्हणे पुन्हा कधी ऐकाक गावलो नाय." मी म्हटलं, झोप खाली, तेल निथळतंय.

लढाई आली. फौजेत कुणीतरी विचारलं असेल, हा काय करतो? चेंडू फेकतो. द्या मग ह्याच्या हातात बाँब! लोखंडाचा गोळा, तोही ताकद लावून, लांब. दिवसभर. तिथं तुझा खांदा उखळीतून निघाला आणि तुमच्या फौजेच्या वैद्यानं तो धसकन परत बसवला. मी चाचपलं तेव्हा अजून त्याची खूण लागत होती. शीर एका बाजूला गेलेली, मागच्या मांसाची माती झालेली.

दगडूचा भाऊ त्याच लढाईत ब्रह्मदेशात मारला गेला. दगडूचं मनगट तेव्हा माझ्याकडेच बांधलेलं होतं, डेपोत पेटी पडली होती अंगावर. तुला बघितलं की तो तोंड फिरवून बसायचा. एकदा म्हणाला, "वस्ताद, ह्या हातानं किती मारलं आसतील, इचारलं का कधी?" मी त्याला म्हटलं, "दगडू, माझ्यापुढं हाड येतं. त्याच्या मागनं देश येत न्हाई." बोललो खरा, पण तुला मी कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. असो, हे भांडण आपलं नाही.

लढाईनंतर तू परत संघात गेलास. वेग गेला होता. मग म्हणे तू हळू फेकायला लागलास. चेंडू यायचा आणि मारणाऱ्याच्या पुढ्यात येऊन खचकन खाली बसायचा. लोक जोरानं दांडकं फिरवायचे, हवेतच! हे सांगताना तू खुदकन हसलास. एवढाच काय तो तुझा डांबरटपणा. त्यावर काही हंगाम निघाले, मग तेही संपलं. संघाच्या मालकाचाच कारखाना होता, त्यानं तुला पाना हातात देऊन फिटर केलं. पाना दिला, तू घेतलास! आणि असा फिरत फिरत आमच्या पिंपरीच्या माळावर येऊन पडलास.

आणि बरोबर घेऊन आलास ती एक आशा. तुझा जुना सोबती आता एका लहानशा संघाचा वस्ताद झाला होता. त्यानं कळवलं होतं, वसंतात ये, हात चालत असेल तर ठेवून घेतो. नको रे सांगायला पाहिजे होतंस हे मला! मी म्हणजे पेटलोच. आमच्या कुस्तीच्या हौदातली तांबडी माती तुझ्या खांद्यावर थापली, आंबेहळदीचे लेप दिले, तिळाच्या तेलानं चोळून चोळून माझे अंगठे सुजले. थंडी पडल्यावर तुला हलका मुद्गल फिरवायला दिला. आणि भोसरीच्या तालमीत, चिंचवडच्या बाजारात, भेटेल त्याला सांगत सुटलो की माझ्या हाताखालनं गेलेला गडी जपानात खेळणार आहे.

पथ्य एकच सांगितलं होतं. फेकायचं नाही. चेंडू नाही, गोटा नाही, कुत्र्यामागे खडासुद्धा नाही.

आणि ते तू पाळलंस, हेच तर मला खातंय! पोरांनी चिंचा पाडून मागितल्या तर तू डाव्या हातानं दगड मारलास. तो चिंचेला लागायचा सोडून सावंतांच्या टोपीला लागला. अख्खा गाव हसला, पण उजवा हात तू खिशातून काढला नाहीस. म्हणजे ठरवलं तर तुला स्वतःला आवरता येत होतं. म्हणजे पुढं जे केलंस ते चुकून केलं असं मला कुणी सांगू नये.

तुला मराठीतला एकच शब्द नीट यायचा. मी रोज विचारायचो, "दुखतंय का रं?" आणि तू म्हणायचास, "न्हाई." घाम फुटलेला असायचा, दातावर दात असायचे, आणि तोंडानं, न्हाई! जिथं ठणकावून नाही म्हणायचं तिथं जन्मभर मान डोलावलीस. तुझा तो वस्ताद, तुझी फौज, तुझा मालक, कुणाला म्हणून नाही म्हणाला नाहीस. आणि माझ्यासारख्या गरिबानं काकुळतीला येऊन विचारलं, की न्हाई!

मार्गशीर्षात एका सकाळी तू देवळात गेलास आणि उजवा हात वर नेऊन मारुतीची घंटा वाजवलीस. आत्तापर्यंत डाव्यानं वाजवायचास. तो आवाज ऐकून मी आतून धावत आलो. पारू केरसुणी टाकून पदर डोळ्याला लावून उभी. तू परत वाजवलीस. परत वाजवलीस. मी म्हटलं, पुरे, मारुतीला झोपू दे. तुझ्या सगळ्या खेळात मला कळलेला विजय तेवढा एकच.

मी तेव्हाच तुला सांगितलं होतं आणि सावंतांकडून दोनदा वदवून घेतलं होतं, की हात वर गेला म्हणजे हात तयार झाला असं नाही. घरी जा, थोडं थोडं फेक, पोरं फेकतात तसं. घाई केलीस तर होतं तेही जाईल. तू मान डोलावलीस. तुझ्या मान डोलावण्याला काय अर्थ होता ते आता कळतंय.

आमच्या घराण्याची रीत तुला पक्की ठाऊक होती. हाडाला हात लावायचे पैसे आम्ही घेत नाही. बऱ्या झालेल्या माणसानं बऱ्या झालेल्या अवयवानं मारुतीला नारळ द्यायचा, की उपचार पुरा. पाय मोडला असेल तर त्या पायानं पायऱ्या चढून द्यायचा. हात मोडला असेल तर त्याच हातानं फोडायचा. दसऱ्याला दगडूनं फोडला तेव्हा तू शेजारी उभा होतास. देवळापुढच्या दगडावर वाकला, नारळ आपटला, दोन शकलं झाली. आणि त्यानं आपण होऊन त्यातलं खोबरं तुझ्या हातावर ठेवलं. सगळं बोललेलं न बोललेलं तिथं मिटलं. नारळ कसा फोडतात हे त्या दिवशी तुझ्या नाकासमोर झालं होतं.

मग संक्रांतीनंतरचा तो शनिवार. पुढच्या आठवड्यात तू जाणार होतास. गावाला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं, तरी सगळे जमले. कारखान्यातली नवी माणसं आली, मळ्यातल्या बायका आल्या, पोरं पिंपळावर चढली. मी तुझ्या उजव्या हातात नारळ दिला. तू तो फिरवून बघितलास. बोटं कुठं बसतात ते बघितलंस. मग दगडाकडे जायचं सोडून उलटा चालायला लागलास.

मला वाटलं, बूट काढून येतोय.

हौदातली जुनी माती आम्ही अंगणाच्या टोकाला टाकतो, तिचा ढीग झाला होता. तू त्यावर चढलास. पायानं थोडी माती उकरलीस. तेव्हा कुठं मला उमगलं. मी ओरडलो, "आरं ए! किसन! खाली ठेव त्यो!" तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. हसलास. आणि मग डावा पाय वर गेला, अंग मागं झुकलं, आणि मी जन्मात कधी न पाहिलेलं काहीतरी झालं. एवढा मऊ माणूस, त्याच्यात हे कुठं दडलं होतं? नारळ सुटला तो दिसलाच नाही. दगडावर फुटला तेवढं ऐकू आलं. पाणी थेट मारुतीच्या चौकटीपर्यंत उडालं.

सगळ्यात आधी उठला तो दगडू. "आरं माझ्या वाघा!" म्हणून ओरडला. मग सगळेच उठले. बायका उठल्या, पोरं फांद्यांवर उभी राहिली. एवढा आवाज आमच्या तालमीत इनामाच्या कुस्तीलासुद्धा झाला नसेल. आणि तू त्या ढिगावर उभा. डोळे मिटलेले.

मी धोतर सावरत तुझ्यापाशी पळालो. म्हटलं, "दाखव."

"न्हाई."

"दुखतंय का रं?"

"न्हाई."

हात पाठीमागं! मी पुढं झालो की तू मागं सरकायचास, आणि सारखा वाकून नमस्कार करायचास. लोक खांद्यावर घ्यायला धावले, तर त्यांनाही वाकून नमस्कार. पारूनं तिळगूळ दिला, तो घेतलास, खाल्लास, आणखी मागितलास. आणि गेलास.

गावानं आपली समजूत करून घेतली. बिचारा परका माणूस, चेंडू फेकणारा, त्याला वाटलं फेकायचाच असतो! ही गोष्ट लोक अजून पोट धरून सांगतात. नव्या सुना आल्या की त्यांना सांगतात. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. पण मला माहीत होतं, की ज्यानं दसऱ्याला बघितलंय तो असा चुकत नाही.

त्यानंतर तू तालमीकडे फिरकला नाहीस. निरोप धाडला की बांधाबांध चाललीय. जायच्या दिवशी मी तेलाची बाटली आणि पट्टा घेऊन कारखान्याच्या फाटकावर उभा राहिलो. कंपनीची जीप आली. मी म्हटलं, "खांदा दाखव, मगच जा." तू खाली उतरलास, बाटली घेतलीस, माझ्या पायाला हात लावलास. आपल्याकडच्यासारखा, कुणी शिकवलं कोण जाणे! मी तुला उठवेपर्यंत ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. हाडवैद्य असून तुझा खांदा शाबूत आहे की गेला, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढची तीन वर्षं कळलं नाही. सावंतांना विचारून विचारून वीट आणला, की बातमी काय? खेळतोय का? ते म्हणायचे, काय्येक समजणा नाय.

काल समजलं.

त्या नव्या जपान्यानं सांगितलं, की तू वसंतात त्या सोबत्याकडे गेलाच नाहीस. त्याला कळवलंस, माझं फेकून झालं. कारखान्यात कामाला लागलास. तुझा उजवा हात छातीच्या वर जायचा नाही. सदरा अडकवताना डावा हात. शिडीवर चढलास तर खालून कुणीतरी हत्यार वर द्यायचं, तेही डाव्या हातात. आणि कुणी खांद्याबद्दल विचारलं, की तू ऐटीत सांगायचास, "हा हात हिंदुस्थानातल्या एका वस्तादानं बरा केला." ऐकणारा तुझ्या हाताकडे बघायचा, मग तुझ्याकडे. तू हसायचास.

सावंतांचे डोळे भरून आले होते. "वस्ताद," म्हणाले, "तुमचा नाव थयसर पोचवल्यान हो त्यानं!" मी पायातली वहाण काढून भिंतीवर मारली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तू तर हात लपवून केलंस! माझं नाव राखायला? माझ्या नावाला काय चाटायचंय? भर गर्दीत मी तुझा खांदा चाचपला असता आणि माझं तोंड उतरलं असतं, लोक म्हणाले असते की वस्तादाचा उपचार एका नारळानं फुटला. हे तुला नको होतं ना? त्यासाठी तिळगूळ खात उभा राहिलास? आणि तो कसला मरणाचा ठणका असतो ते मला सांगू नकोस, मी हजार लोकांच्या तोंडावर पाहिलाय.

पारूला सांगितलं तर ती चुलीपुढून म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं. तिळगूळ डाव्या हातानं घेतला भावजींनी."

"मंग तवाच का न्हाई बोललीस?"

"बोलले की. तुमी म्हनला, त्यांच्याकडची रीत आसंल."

आता हिच्याशी काय बोलायचं? आणि तुझ्याशी तरी काय बोलायचं?

तू तसं का केलंस ते मला कळतं रे. कळतं म्हणूनच जास्त संताप येतो. जन्मभर दुसऱ्यांनी चेंडू तुझ्या हातात ठेवला आणि तू फेकलास. शेवटचा तू तुझ्या मनानं फेकलास, तुझ्या ढिगावर चढून, आणि तुझा तो आवाज ऐकलास. माझी शेवटची कुस्ती माझ्या मनाची नव्हती. गुडघा दुखावलेला असताना गावच्या आग्रहाची भीड पडली आणि आळंदीच्या फडात एका कोवळ्या पोरानं मला पाडलं. माझ्या सगळ्या कुस्त्या लोक विसरले, ती नाही विसरले. म्हणून सांगतो, तुझा हेवासुद्धा वाटतो. घे, हेही लिहून टाकलं.

पण मग मला दाखवायला काय झालं होतं? तिथं तू चुकलास, आणि तिथं मी तुला सोडणार नाही. तुला वाटलं असेल, आता फेकायचंच नाही तर दाखवून काय करायचं. अरे येड्या, खांदा काय फेकायलाच असतो? मी परत बांधला असता. परत लेप, परत माती, परत शिव्या. जायचं लांबलं असतं, नाहीतर पट्टा बांधून धाडला असता आणि पुढं काय करायचं ते सावंतांकडून शिकवलं असतं. फेकायचा खांदा गेला असता, पण घंटा वाजवायचा राहिला असता! सदरा अडकवायचा, केस विंचरायचा, लेकराला खांद्यावर घ्यायचा. एवढं तर मला नक्की करता आलं असतं. एका "व्हय"चं काम होतं किसन. मी विचारलं होतं, दुखतंय का. एकदा व्हय म्हणायचं होतं.

पुढच्या शनिवारी परत नारळ आहे. कारखान्यातलाच गडी आहे, नगरकडचा. कोपर सांधलंय त्याचं. त्याला शिफ्टवर रुजू व्हायची घाई झालीय, आणि कितीही दाबलं तरी दुखत नाही म्हणतो. कालपर्यंत मी त्याला शाबास म्हणत होतो.

तर तुला शब्द देतो. आमच्या घराण्यात नारळ फुटला की उपचार पुरा, असं आजवर होतं. आता नाही. यापुढे नारळ फुटल्यावर, खोबरं वाटायच्या आधी, सगळ्या गावादेखत मी तो हात पुन्हा चाचपून बघीन. माझी अब्रू जायची तर जाऊ दे. माणूस न्हाई म्हणाला तरी बघीन. न्हाई म्हणून वर हसला, तर धरून खाली बसवीन आणि बघीन.

तुझ्यावर अजून रागावलेला,
रघू वस्ताद